उंबऱ्यावरून हाक



आत्मपर लेखनाच्या या घटकासाठी मी माझ्या स्वतःच्या घरातील एक विषय निवडला आहे. तो निवडावा की नाही, याबद्दल माझे मन पुष्कळ दिवस साशंक होते. घरातील गोष्ट घरातच राहावी, अशा संस्कारात तुमच्यापैकी अनेकांप्रमाणे मीही वाढलो आहे. शेवटी हा निर्णय माझ्याकडून एका विद्यार्थ्याने करवून घेतला.

सातारा जिल्ह्यातील एका अभ्यासकेंद्रावर मी समंत्रक म्हणून काम करतो. रविवारच्या संपर्कसत्राला तीस-पस्तीस विद्यार्थी येतात. त्यांत अंगणवाडीताई असतात, एसटीचे वाहक असतात, मुलीची दहावी झाल्यावर स्वतःचे राहिलेले शिक्षण पूर्ण करायला निघालेल्या आया असतात आणि सैन्यातून निवृत्त झालेले दोन-चार जवान तर हमखास असतात. या जवानांपैकी एक गृहस्थ पहिल्या दिवसापासून माझ्या लक्षात राहिले. पुढची बाके रिकामी असली तरी ते शेवटच्या बाकावर, दाराजवळ, पाठ भिंतीला लावून बसत. एकदा मधल्या सुटीनंतर कुणाचा तरी धक्का लागून एक लोखंडी बाक फरशीवर आडवे झाले. मोठा आवाज झाला. सर्वांनी त्या बाकाकडे पाहिले. मी मात्र त्यांच्याकडे पाहिले. ते जागेवर नव्हते. भिंतीच्या कोपऱ्यात, गुडघ्यांवर, डोके खाली घालून ते बसले होते. दोन-तीन क्षणच. मग ते उठले, ओशाळे हसले, “सर, पाणी पिऊन येतो,” म्हणाले आणि बाहेर गेले. वर्गात कुणीतरी हसले.

सत्र संपल्यावर ते माझ्यासाठी थांबले होते. त्यांनी स्वाध्यायाची पुस्तिका उघडून एका प्रश्नावर बोट ठेवले. आपल्या आयुष्यातील एखादा अविस्मरणीय अनुभव लिहा, असा तो नेहमीचा प्रश्न होता. “सर,” ते म्हणाले, “यात सगळं लिहावं लागतं का?”

“नाही,” मी म्हणालो. “जेवढं लिहवेल तेवढंच लिहा.”

त्यांना हायसे वाटलेले दिसले. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. पाठ भिंतीला आणि नजर दाराला लावून बसणारा माणूस मी यापूर्वी पाहिला होता. त्याच्याच घरात मी लहानाचा मोठा झालो. ते माझे वडील.

आमच्या भागात सैन्यात जाणे ही नवलाची गोष्ट नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे या गावाच्या तर नावालाच ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा चिकटला आहे. माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणत असू, बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रात भरती झाले आणि पुढे हवालदार झाले. १९८७ साली त्यांची तुकडी श्रीलंकेला गेली, तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. त्या वर्षी २९ जुलैला भारत आणि श्रीलंका यांच्यात करार झाला आणि त्या करारानुसार भारतीय शांतिसेना तेथे उतरली. नावच शांतिसेना होते. तमिळ वस्तीतल्या लोकांनी प्रारंभी या सैनिकांचे स्वागत केले. परंतु ऑक्टोबर महिन्यात चित्र पालटले. शस्त्रे खाली ठेवण्यावरून बिनसले आणि ज्या बंडखोरांकडून ती घ्यायची होती, त्यांच्याशीच जाफन्यात युद्ध सुरू झाले. अरुंद गल्ल्या, ताडाची बने, रस्त्यांत पेरलेले सुरुंग आणि साध्या कपड्यांत वावरणारा शत्रू, असे ते युद्ध होते. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली, तोवर अकराशेहून अधिक भारतीय सैनिक मृत्युमुखी पडले होते. मुंबईत जन्मलेले, महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना याच मोहिमेतील शौर्याबद्दल मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. मात्र बारा वर्षांनी कारगिलच्या वेळी जसे घरोघरी दूरचित्रवाणी संचांसमोर लोक बसून राहिले, तसे या मोहिमेच्या वाट्याला आले नाही. आमच्या गावात आबांचे स्वागत झाले, सत्यनारायण झाला. पण तिकडे नक्की काय चालले होते, हे कुणाला सांगता येत नव्हते आणि कुणी विचारीतही नव्हते.

१९९१ साली आबा निवृत्त होऊन घरी आले. येताना त्यांनी एक काळी लोखंडी पेटी, एक हिरवी घोंगडी आणि काही विचित्र सवयी आणल्या. विचित्र हा शब्द माझा, त्या वयातला आहे. ते घरात नेहमी दाराकडे तोंड करून बसत. अंधार पडल्यावर अंगणातला दिवा मालवायला सांगत. त्याच वर्षी गावात नळयोजनेसाठी रस्ता खणला गेला. चर बुजवून झाल्यावरही आबा महिनाभर त्या रस्त्याने गेले नाहीत. ओढ्याच्या कडेने, बांधाबांधाने, दुप्पट अंतर चालून ते चावडीवर जात. ताजी उकरलेली माती दिसली की त्यांचे पाऊल थबके. शेतातल्या पायवाटेवरूनही ते आदल्या माणसाच्या पावलावर पाऊल टाकून चालत. आम्हा मुलांना याची गंमत वाटे. आम्ही त्यांच्या मागे त्यांच्यासारखेच चालून दाखवीत असू.

रात्री मात्र गंमत नसे. मध्यरात्री केव्हातरी आबा ओरडत उठत. कधी हिंदीत, कधी नुसताच आवाज. एकदा आईने त्यांच्या खांद्याला हात लावून त्यांना जागे केले, तेव्हा झोपेतच त्यांनी तिचा हात असा पिरगाळला की पंधरा दिवस तिला भाकरी थापता आली नाही. शेजारणींना तिने विहिरीवर पाय घसरल्याचे सांगितले. त्यानंतर तिने त्यांना कधीही हात लावून उठवले नाही. ती उठे, कंदिलाची वात मोठी करी, खोलीच्या उंबऱ्यावर जाऊन उभी राही आणि तेथून हलक्या आवाजात हाक मारी, “आवं, घरात हाय तुमी. भाईर पाऊस पडतुया. कपिलीला पाडी झालीया.” पाऊस नसला तर ती दुसरे काही सांगे. आज बुधवार हाय. थोरलीचं पत्र आलंया. भुईमूग वाळाय घातलाय. आबांचा श्वास हळूहळू खाली बसे. मग ते “हं” म्हणत. तो हुंकार ऐकल्याशिवाय आई उंबरा ओलांडीत नसे.

आता मी तुम्हांला ती गोष्ट सांगतो, जी सांगण्यासाठी मला एवढी वर्षे लागली.

त्याच वर्षीच्या दिवाळीत, नरकचतुर्दशीच्या पहाटे, मी आणि माझे दोन मित्र गोठ्यामागे फटाके उडवीत होतो. आबांना मोठा आवाज सहन होत नाही, हे मला ठाऊक होते. मित्रांना ते पाहायचे होते आणि मला ते दाखवायचे होते. गोठ्यात आबा धार काढत बसले होते. मी सुतळी बॉम्ब गोठ्याच्या भिंतीलगत ठेवला आणि वात पेटवली. आवाज झाला त्याच क्षणी आबा शेणामुतात पालथे पडले. बादली कलंडली, गाय बिथरली. मित्र खदखदून हसले. मीही हसलो. पुढच्या क्षणी आबांनी मला भिंतीशी दाबून धरले होते. त्यांचा हात माझ्या गळ्यावर होता. ते माझ्याकडे पाहत होते, पण त्यांना मी दिसत नव्हतो. ते डोळे मी अजून विसरलेलो नाही. तेवढ्यात आई गोठ्याच्या दारात आली. ती पुढे धावली नाही. ती दारातूनच म्हणाली, “आवं, आपला धाकटा हाय त्यो. दिवाळी हाय आज. आपल्या गोठ्यात हाय तुमी.” तिने हे तीनदा सांगितले. मग तो हात सुटला. आबा खाली बसले आणि थरथरू लागले. सांडलेले दूध त्यांच्या पायांखालून वाहत होते.

चार दिवसांत ही गोष्ट गावभर झाली. ‘हवालदार लवंगीला भितो’ असे मुले मला चिडवू लागली. ती लाज मला सहन झाली नाही. एका संध्याकाळी मी आबांसमोर उभा राहिलो आणि विचारले, “तुम्ही तिकडं लढाईत भ्याला होता का?” ते उत्तर देणार नाहीत, असे मला वाटले होते. ते म्हणाले, “हो. भ्यालो होतो.” आणि खुरपे उचलून शेताकडे गेले. मी त्या उत्तरावर पुढची कित्येक वर्षे त्यांच्याशी कामापुरतेच बोललो. आपला बाप भित्रा आहे, अशी माझी खात्री झाली होती.

मित्रहो, माणसाच्या मनाला झालेल्या जखमेला नाव नसले की भोवतालचे लोक तिला जवळ असेल ते नाव देतात. आबांच्या बाबतीत कुणी ‘भित्रा’ म्हटले, कुणी ‘डोक्याने गेला’ म्हटले, कुणी ‘बाहेरचे लागले’ म्हटले. आईने अंगारे-धुपारेही केले. हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. पहिल्या महायुद्धात खंदकांतले सैनिक थरथर कापू लागले, काहींची वाचा गेली, काहींना दिसेनासे झाले, तेव्हा तोफगोळ्यांच्या हादऱ्याने मेंदूला इजा होत असावी असा तर्क झाला. १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स या ब्रिटिश वैद्यकाने आपल्या लेखात ‘शेल शॉक’ हा शब्द वापरला. पुढे लक्षात आले, की तोफांच्या जवळपास नसलेल्यांनाही हाच त्रास होतो आहे. दुखापत डोक्याला नव्हती. तरीही त्या युद्धात ब्रिटिश सैन्याने पळून जाणे, भ्याडपणा यांसारख्या आरोपांवरून तीनशेहून अधिक सैनिकांना गोळ्या घातल्या. त्यांपैकी काही जण याच विकाराने ग्रासलेले होते, असे आता मानले जाते. त्यांना सरकारने माफी दिली, ती २००६ साली. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या अनुभवांनंतर १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने या अवस्थेला आपल्या विकारसूचीत स्वतंत्र स्थान दिले. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला पीटीएसडी म्हणतात. मराठीत आपण ‘आघातोत्तर तणाव विकार’ असे म्हणू. म्हणजे आबा जाफन्याला गेले, तेव्हा या दुखण्याला नाव मिळून सात वर्षे झाली होती. आमच्या गावापर्यंत ते पोहोचले नव्हते, एवढेच.

या विकाराची लक्षणे तज्ज्ञ साधारणतः चार गटांत सांगतात. घडून गेलेला प्रसंग स्वप्नांतून किंवा जागेपणी पुन्हा पुन्हा घडतो. त्याची आठवण करून देणाऱ्या जागा, माणसे, विषय टाळले जातात. मन बधिर होते, जवळच्यांविषयीही परकेपणा वाटतो, स्वतःला दोष दिला जातो. आणि शरीर सतत सावध राहते; झोप उडते, दचकणे वाढते, राग अनावर होतो. ही लक्षणे महिन्याहून अधिक काळ टिकली आणि रोजचे जगणे त्यांनी अडवले, तर उपचारांची गरज आहे असे समजावे. युद्धावर गेलेल्या प्रत्येकाला असे होते, असे मात्र मुळीच नाही. बहुतेक जण काही काळाने सावरतात. ज्यांना सावरता येत नाही, ते कमी धैर्याचे असतात असेही नाही.

हे सारे वाचताना मला आमच्या ज्वारीच्या शेतातल्या माळ्यावरचा राखणदार आठवतो. एकदा रात्री खरोखरच चोर येऊन गेले, की पुढे पानांच्या सळसळीनेही तो गोफण उचलतो. त्याची चूक नसते; त्याला नेमलेलेच त्यासाठी असते. आपल्या मेंदूतही असा धोक्याची सूचना देणारा भाग आहे. रणांगणावर त्यानेच माणसाला वाचवलेले असते. युद्ध संपल्याचा निरोप मात्र त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. आपल्या साध्या आठवणींवर काळाची खूण असते. ‘हे तेव्हा घडले’ असे मन जाणते. आघाताच्या आठवणीवर ती खूण नसते. ती ‘आता’ घडत असते. म्हणून आई उंबऱ्यावरून जे सांगत होती, ते मला आज फार मोलाचे वाटते. ती आबांना वार सांगत होती, पाऊस सांगत होती, गायीचे नाव सांगत होती. ‘तुम्ही तिथे नाही, इथे आहात’ एवढेच ती वेगवेगळ्या शब्दांत सांगत होती. माणसाला आसपासच्या खऱ्या गोष्टींच्या आधारे वर्तमानात परत आणण्याचे हे तंत्र आज मानसोपचारात शिकवले जाते. माझी आई शाळेत दुसरीपर्यंत शिकली होती.

आपल्या परंपरेला ही जखम अगदीच अपरिचित होती, असेही नाही. महाभारताचे युद्ध संपल्यावर विजयोत्सवाचे पर्व येत नाही. स्त्रीपर्व येते आणि मग शांतिपर्व. जिंकलेला युधिष्ठिर राज्य नको म्हणतो आणि वनात जायची भाषा करतो. त्याला भावंडांनी, द्रौपदीने, ऋषींनी आणि शरशय्येवरील भीष्मांनी किती काळ समजावले, हे त्या पर्वाच्या आकारावरूनच कळते. आपल्या इतिहासात पाहायचे, तर १४ जानेवारी १७६१ चा दिवस आहे. पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी ते कधीच मान्य केले नाही आणि अखेरपर्यंत सौभाग्यचिन्हे उतरवली नाहीत. युद्ध रणभूमीवर नसलेल्यांच्या घरातही कसे येऊन राहते, याचे हे उदाहरण आपण केवळ कथा म्हणून वाचतो. आपल्या बोलण्यात आजही एखाद्या मोठ्या नाशाला ‘पानिपत झाले’ असे म्हणतात. भाषेने ती जखम जपून ठेवली. जखमी माणसांशी कसे वागावे, हे मात्र आपण त्यातून शिकलो नाही.

आबांच्या बाबतीत उपचारांची वाट फार उशिरा सापडली. मधल्या काळात त्यांचे पिणे वाढले होते. झोप येण्यासाठी ते पीत आणि प्यायल्यावर येणारी झोप त्यांना अधिकच वाईट स्वप्ने दाखवी. २००३ साली माजी सैनिकांसाठी अंशदायी आरोग्य योजना सुरू झाली. त्यानंतर दोन वर्षांनी गुडघेदुखीसाठी म्हणून मी त्यांना त्या योजनेच्या दवाखान्यात नेले. तेथील डॉक्टरांनी गुडघा तपासला आणि सहज विचारले, “झोप कशी लागते?” आबा गप्प बसले. सोबत आलेली आई म्हणाली, “चौदा वर्सं झाली, सायब, धड झोपल्यालं न्हाईत.” तेथून आम्हांला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवण्यात आले. आबांना तेथे जाणे कमीपणाचे वाटत होते. त्या तज्ज्ञांनी पहिल्या भेटीत एकही प्रश्न युद्धाबद्दल विचारला नाही. शेती, गुरे, पाऊसपाणी एवढ्यावरच अर्धा तास गेला. दुसऱ्या खेपेला आबा स्वतः म्हणाले, “जायचं का?”

औषधे आणि बोलणे, दोन्ही चालू राहिले. पिणे सुटायला दोन वर्षे लागली आणि मध्ये दोनदा ते पुन्हा सुरू झाले. ते पूर्ण बरे झाले, असे मी म्हणणार नाही. दिवाळीत ते अखेरपर्यंत आमच्या मळ्यातल्या खोपीत राहायला जात. पण ते रात्री चार-पाच तास झोपू लागले. नातवाला मांडीवर घेऊ लागले. मला त्यांनी लहानपणी कधी मांडीवर घेतल्याचे आठवत नाही आणि त्याचे कारण मला २००९ सालच्या पावसाळ्यात कळले.

आम्ही दोघे पडवीत बसलो होतो. नातू समोर पाण्यात होड्या सोडत होता. आबा त्याच्याकडे पाहत एकाएकी बोलू लागले. त्यांच्या चौकीवर एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा रोज शहाळी घेऊन येई. त्याला हिंदी येत नव्हते, यांना तमिळ येत नव्हते. तो यांना ‘अण्णा’ म्हणे. एके दिवशी तो आला नाही. त्याच दिवशी समोरच्या रस्त्यावर सुरुंग फुटला आणि आबांच्या पुढे चालणारे दोघे गेले. “मला वाटलं, पोराला ठाऊक होतं,” आबा म्हणाले. “म्हणून तो आला नाही. मी त्याला दोन दिवस शोधला. सापडला.” एवढे बोलून ते थांबले. बऱ्याच वेळाने म्हणाले, “तू तवा तेवढाच होतास.”

तो कुठे सापडला, कसा सापडला, त्यानंतर काय झाले, हे त्यांनी सांगितले नाही. मी विचारले नाही. विचारू नये, हे मला त्या वेळी तरी कळले, याचे मला समाधान आहे. जोनाथन शे या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने व्हिएतनामच्या सैनिकांबरोबर वर्षानुवर्षे काम केले आणि १९९४ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. भीतीच्या जखमेबरोबर आणखी एक जखम असते, असे त्याचे म्हणणे होते. योग्य-अयोग्याची आपली जाण रणांगणावर मोडून पडते, तेव्हा होणारी ती जखम. तिला तो नैतिक इजा म्हणतो. आबांना रात्री कोण उठवत होते, सुरुंग की तो मुलगा, हे मला सांगता येणार नाही. पण गोठ्याच्या भिंतीशी त्यांनी मला दाबून धरले, तेव्हा त्यांना कोण दिसले असेल, या प्रश्नापाशी मी आजही थांबतो.

आणि त्यांचे ते ‘हो’? तेरा वर्षांच्या मुलाने टोचून विचारलेल्या प्रश्नाला त्या माणसाने खरे उत्तर दिले होते. चौदा-पंधरा वर्षे ज्याविषयी ते कुणाशीही बोलले नाहीत, त्याचा पहिला शब्द त्यांनी माझ्याजवळ उच्चारला होता. मी तेथेच खाली बसलो असतो, दुसरे काही न विचारता नुसता बसलो असतो, तर कदाचित दुसरा शब्दही आला असता. २०१४ साली हृदयविकाराने आबा गेले. त्या संध्याकाळबद्दल त्यांची क्षमा मागायची राहून गेली.

मित्रहो, तुमच्यापैकी कुणाच्या घरात असा माणूस असेल. तो सैनिकच असेल असे नाही. पोलीस असेल, अग्निशामक दलाचा जवान असेल, अपघातातून किंवा भूकंपातून वाचलेला असेल. अशा घरात वाढलेला एक मुलगा म्हणून मी काही गोष्टी सांगू इच्छितो. झोपलेल्याला हात लावून उठवू नका. दुरून, नावाने, शांतपणे हाक द्या. मागून एकदम जाऊ नका. ‘विसरून जा’ असे सांगू नका. विसरणे त्याच्या हाती असते तर तो केव्हाच विसरला असता. ‘काय झाले ते सांग’ असा आग्रहही धरू नका. तो सांगेल तेवढे ऐका आणि ऐकताना त्याचा न्याय करू नका. दारूला औषध समजू नका. मात्र त्याच्या दुखण्यापायी घरातील कुणी मार सोसत राहावा, असे मी चुकूनही सुचवत नाही. आईच्या पिरगाळलेल्या हाताची गोष्ट आम्ही लपवली, ही आमची चूक होती. ती लपवली नसती, तर उपचार कदाचित दहा वर्षे आधी मिळाले असते. घरातल्या माणसांनाही आधार लागतो आणि तो मागण्यात कमीपणा नाही.

आज वाटा पूर्वीपेक्षा पुष्कळ आहेत. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही राष्ट्रीय सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही विनामूल्य दूरध्वनी करून मराठीत बोलता येते. ज्याला त्रास होतो तोच बोलू शकतो असे नाही. त्याची पत्नी, मुलगा, सूनही बोलू शकते. सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात या सेवेचा स्वतंत्र कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाला. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो आणि माजी सैनिकांना जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही चौकशी करता येते. जीव नकोसा झाल्याचे कुणी बोलून दाखवले, तर ते बोलणे म्हणून सोडून देऊ नका. त्याला एकटे न ठेवता त्याच दिवशी मदत मिळवा.

आता आत्मपर लेखनाविषयी, कारण हा घटक त्यासाठी आहे. अनुभव लिहायचा म्हणजे सर्वांत मोठी जखमच उघडी करायची, असा एक गैरसमज असतो. तसे नाही. लिहिणाऱ्याने किती सांगायचे, हे लिहिणाऱ्यानेच ठरवायचे असते. आबा ‘सापडला’ या शब्दाशी थांबले, तो त्यांचा अधिकार होता. मी हा लेख लिहिताना काही गोष्टी वगळल्या आहेत, तो माझा अधिकार आहे. आई आज ऐंशीच्या घरात आहे. लिहिलेले मी तिला वाचून दाखवले आणि तिने होकार दिल्यावरच ते येथे दिले आहे. दुसऱ्याविषयी लिहिताना तुम्हीही असे विचारा.

ज्यांच्या प्रश्नामुळे हा लेख झाला, त्या गृहस्थांनाही मी विचारले होते. आपले नाव येऊ नये, एवढीच त्यांची अट होती. त्यांनी आपला स्वाध्याय वेळेवर आणून दिला. बर्फाळ चौकीवर रॉकेलच्या स्टोव्हवर चहा कसा करीत, पाणी उकळायला किती वेळ लागे आणि तो चहा पहिल्यांदा कुणाला द्यायचा याविषयी जवानांत कसा वाद होई, याचे त्यांनी दोन पानी वर्णन केले होते. लेखन उत्तम होते. त्यात लढाईचा एकही शब्द नव्हता आणि मी तो मागितला नाही.

त्या दिवशी वर्गात हसलेला मुलगा नंतर मला भेटला. त्याला मी रागावलो नाही. त्याच्या वयाचा असताना मीही हसलो होतो. मी त्याला गोठ्याची गोष्ट सांगितली. पुढच्या रविवारी तो लवकर आला आणि वर्गातल्या लोखंडी बाकांच्या पायांना त्याने सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे बांधले. आता बाके सरकली तरी आवाज होत नाही. शेवटच्या बाकावरची दाराजवळची जागा कुणी घेत नाही. ती त्यांच्यासाठी आहे, हे न सांगता सर्वांना ठाऊक झाले आहे.